अर्ध्या वाटेवरची कचेरी

हल्डाबाईच्या घरात फाशीचा दोर आहे आणि त्याला ती कांद्याच्या माळा बांधते, असं वेस्टनच्या शाळेतली पोरं एकमेकांना सांगतात. पोरांचं सोडा, परवा न्हाव्याच्या दुकानात दोन बाप्येही हेच सांगत होते, म्हणजे बघा.

कांदे खरे आहेत. दोरही खरा आहे. फाशी तेवढी खोटी. आमच्या हार्टवेल जिल्ह्यात आजवर कुणालाच फाशी झाली नाही. एवढा मोठा गुन्हा करायचा तर आधी सकाळी वेळेवर उठावं लागतं, आणि ते आमच्याकडे कुणाला जमत नाही. दोर घंटेचा आहे. घंटा वेस्टनवाल्यांनी पहिल्याच झटक्यात काढून नेली. दोर लोंबत राहिला, आणि लोंबणाऱ्या दोराला कांदे बांधणार नाही अशी बाई नेब्रास्कात मिळायची नाही.

घराला घंटा कशी, असं विचारू नका, कारण ते घर नाही. ती जिल्ह्याच्या न्यायालयाची दुसरी कचेरी आहे.

पहिली कचेरी लोडी गावात होती, गवताळ मातीची ढेकळं रचून बांधलेली. जज्जाने टेबलावर हातोडा आपटला की छपरातून माती पडायची, म्हणून त्याला हळू आपटायला सांगितलेलं. चिडून त्याने एकदा जोरात आपटला, आणि तो खटला उरलेल्यांनी अंगणात उभं राहून संपवला. मग लाकडाची दुसरी बांधली: दोन मजले, वर घंटेची छत्री, पांढरा रंग. लोडीवाले तिच्याकडे नवीन सुनेकडे पाहावं तसे पाहायचे. तेवढ्यात मतदान झालं आणि जिल्ह्याचं ठाणं वेस्टनला गेलं. त्या मतदानात वेस्टनच्या दफनभूमीतल्या मंडळींनीही मत दिलं, असं लोडीत अजून म्हणतात. असो. लोडीवाले कचेरी देईनात. तेव्हा हिवाळ्याच्या शेवटी वेस्टनची माणसं बैल आणि ओंडके घेऊन आली, कचेरी पायावरून उचलली आणि ओढत निघाली. अर्धी वाट सरली आणि बर्फ वितळलं. टर्की ओढ्याच्या अलीकडे अख्खी कचेरी उंबऱ्यापर्यंत चिखलात बसली. बैल सोडले, माणसं गेली. जाताना सांगून गेली, जमीन वाळली की येतो.

जमीन वाळली. ती आली नाहीत. वेस्टनमध्ये तोवर विटांच्या तिसऱ्या कचेरीची वर्गणी जमली होती. तिचं पुढे काय झालं ते ऐका: जळली, आणि लोडीत त्या दिवशी कुणीही उदास दिसलं नाही. चौथी दगडाची बांधली, मनोऱ्याची, घड्याळाची. ती आम्ही या वसंतात स्वतःच पाडली, कारण पाचवी हवी होती, सपाट छपराची, दुरून चपलांचं दुकान वाटावी अशी. पाचवीचं छप्पर अजून बसलेलं नाही. आमच्या जिल्ह्याची ही रीतच आहे: नवीवर छप्पर यायच्या आत जुनी पाडायची. जुनी उभी राहिली तर कुणीतरी म्हणेल, हीच का वाईट आहे? आणि या प्रश्नाला आमच्याकडे कधीच उत्तर नसतं. म्हणून या १९५८ सालात आमचं न्यायालय कधी शाळेच्या व्यायामशाळेत बसतं, कधी चर्चच्या तळघरात.

हल्डाबाईचे आजोबा, नील्स रासमुसेन, दुसऱ्या कचेरीचे बेलिफ. कचेरी चिखलात अडकली तेव्हा त्यांना हुकूम झाला, न्यायला माणसं येतील तोवर इथेच राहा, कचेरी मोकळी सोडू नका. नील्स डॅनिश माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. बसून राहायचंच आहे तर म्हणून त्यांनी भोवतालची सरकारी जमीन आपल्या नावावर करून घेतली. तेव्हापासून जमीन रासमुसेनांची आणि तिच्यावरची इमारत जिल्ह्याची, असा तो गोंधळ आहे. पहिल्या उन्हाळ्यात, विटा यायच्या आत, न्यायालय तिथेच शेतात भरलं. दोन्ही गावांना सारखंच लांब पडायचं, त्यामुळे सगळा जिल्हा समाधानी होता. असं त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

हल्डा तिथेच वाढली. आई लवकर गेली. बाप ओरेगॉनला गेला, जागा मिळाली की बोलावतो म्हणाला. जागा शोधतोय अजून. आजोबांनी नात वाढवली ज्युरीच्या खोलीत, कारण तिथे शेगडी होती. बाई अजून तिथेच झोपते. जज्जाच्या मोठ्या टेबलावर पीठ मळते. साक्षीदाराच्या कठड्यात कोंबडीची पिल्लं ठेवते, थंडीत.

आणि पुकारा करते. हा तिच्या आजोबांचा वसा. ज्याचा खटला असेल त्याचं नाव वरच्या खिडकीतून तीन वेळा पुकारायचं. तिसऱ्या हाकेला आला नाही तर गैरहजर. न्यायालय गेलं तरी नील्सआजोबांनी खिडकी सोडली नाही. खटले संपले तेव्हा कोंबड्यांना पुकारू लागले. कोंबड्यांची नावं त्या उन्हाळ्यातल्या वादी-प्रतिवादींची. त्या नावांची परंपरा हल्डाबाईने चालू ठेवली आहे. माझं घर अर्ध्या मैलावर. संध्याकाळी वारा इकडचा असला की स्वयंपाक करता करता मला स्वच्छ ऐकू येतं: "एझ्रा पॉट्स! एझ्रा पॉट्स! एझ्रा पॉट्स! हजर हो!" एझ्रा पॉट्स ही कोंबडी आहे, आणि ती कधीच पहिल्या हाकेला येत नाही.

मी दर मंगळवारी तिच्याकडे कॉफीला जाते. ती आमच्याकडे येत नाही, कचेरी मोकळी सोडायची नाही ना. माझा नवरा रॉय तिची जमीन वाट्याने करतो आणि तिचं सामान वेस्टनहून आणून देतो. बाई सत्तरीची झाली, पाठ अजून सरळ, जीभ त्याहून सरळ.

तर मे महिन्यातल्या एका मंगळवारी मीच ती बातमी तिला नेऊन दिली. बातमी पोचवायला मला उशीर झाला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

"हल्डाबाई, बसा खाली. वेस्टनवाले कचेरी न्यायला येतायत."

तिने कॉफी ओतता ओतता किटली तशीच धरली. "कोण म्हणतं?"

"मिसेस लूमिस, त्या वेस्टनच्या समितीवाल्या. नव्या कचेरीच्या उद्घाटनाला चौकात जुनी कचेरीही हवी म्हणे. संग्रहालय करायचंय. न्यायालयात अर्ज दिलाय. आणि हे कळताच लोडीच्या ओटो ब्रूनिंगनेही अर्ज ठोकला, की कचेरी मुळात आमची, चोरीला गेलेली, परत द्या."

"म्हणजे दोघांनाही हवीय?"

"दोघांनाही. तुमच्या तरुणपणी दोन जण एकदम मागे लागले होते का कधी?"

"एकदा. दोघंही विधुर होते आणि दोघांनाही स्वयंपाकीण हवी होती." तिने किटली खाली ठेवली. "वेस्टनच्या चौकात झाडं आहेत, नाही?"

"एल्म आहेत. बाकं पण आहेत. दिवसभर म्हातारे बसलेले असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवत."

"दिवसभर?"

"जेवायला जातात मध्ये."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काय आहे? ओढा, आमचा मका, आणि आभाळ, जे जरुरीपेक्षा फारच जास्त आहे. मला वाटलं तिने घराची धास्ती घेतली. म्हटलं, "घाबरू नका. जमीन तुमची आहे. हाकलून लावू सगळ्यांना. रॉयला बंदूक धरून उभा करते. ती चालत नाही, पण हे त्यांना कुठे माहीत आहे?"

"समन्स येईल मला," ती म्हणाली. "रीतसर येईल. आजोबा सांगायचे, ज्याचा हक्क गुंतलाय त्याला बोलावल्याशिवाय न्यायालय पुढे जात नाही."

जज्ज ट्रॅस्क शेजारच्या जिल्ह्यातला, फिरतीवर येणारा, कोरडा माणूस. हसला तर चेहऱ्याला तडा जाईल असा. त्याने दोन्ही अर्ज वाचले आणि ठरवलं की वाद इमारतीचा आहे तर सुनावणी इमारतीतच होईल. तसंही चर्चचं तळघर त्या आठवड्यात लग्नाला दिलं होतं. न्यायालयाच्या कारकुनाने येऊन जागा पाहिली, खुर्च्या किती मावतील ते विचारलं आणि गेला. समन्स त्याने दिलं नाही.

मी म्हटलं, "तुमच्याच घरात सुनावणी, तुम्हाला आणि वेगळं बोलावणं कशाला? वऱ्हाड नवरीच्या दारात येतंय."

"येईल टपालाने," ती म्हणाली.

टपालाने बियाण्याची जाहिरात आली.

पण त्या आठवड्यात मी त्या बाईला जशी पाहिली तशी कधी पाहिली नव्हती. जमीन घासली, खिडक्या पुसल्या, पिल्लं अंगणात काढली, कांद्यांसकट दोर झाडला. ज्युरीच्या बाकांना तेल लावलं. जज्जाच्या टेबलावरचं पीठ खरवडून काढायला रॉयला बोलावलं, तर तो म्हणाला, "बाई, या टेबलात जेवढं पीठ मुरलंय तेवढ्यात सगळी ज्युरी जेवेल." दालचिनीचे गोल पाव भाजले, तेही इतके की ताटं संपली आणि माझ्या घरची न्यावी लागली. काळा पोशाख बाहेर काढला, गळ्याशी आजोबांचा बेलिफचा बिल्ला लावला.

"इतकं कुणासाठी?" मी विचारलं.

"न्यायालय बसतंय, व्हर्ना."

"न्यायालय चर्चच्या तळघरातही बसलं होतं, तिथे उंदीर होते."

"ते त्यांचे पाहुणे. हे माझे."

सुनावणीच्या दिवशी मोटारी ओढ्यापर्यंत लागल्या. वेस्टनवाले डाव्या बाजूला बसले, लोडीवाले उजव्या, जसे बापजादे त्या उन्हाळ्यात बसले असतील. मिसेस लूमिस पिसाच्या टोपीत. त्या टोपीत एखादं सबंध पाखरू असावं असा मला संशय आहे. ओटो ब्रूनिंग, ज्याचं लोडीत धान्याचं कोठार आहे, तो कोठारासारखाच येऊन बसला. दोघेही दालचिनीचे पाव खात होते, आणि दोघांचंही "मस्त झालेत" असं म्हणून झालं होतं. कुणाला म्हणाले? मला. हल्डाबाई दाराशी उभी होती, आणि येणारा जो तो तिच्या हातात कोट देत होता.

कारकुनाने कागद उलगडला आणि बसल्या जागेवरूनच वाचलं, "वेस्टन नागरिक समिती." मिसेस लूमिस उठल्या. "लोडी नागरिक समिती." ओटो उठला.

कारकुनाने कागद मिटला.

हल्डाबाई कोट कवटाळून उभी होती. माझ्या जागेवरून मला तिचा चेहरा दिसत होता. ती अजून वाट बघत होती, की पानाच्या मागे काही असेल.

मिसेस लूमिस बोलायला लागल्या, की ही ऐतिहासिक वास्तू इतकी वर्षं उजाड माळावर रिकामी पडून आहे. "रिकामी," असंच म्हणाल्या, तोंडात त्याच रिकाम्या घरातल्या भट्टीतला पाव. ओटो म्हणाला, रिकामी आहे हे बरोबर, पण रिकामी कुणाची?

तेव्हा हल्डाबाईने कोट खाली ठेवले. सावकाश, एकावर एक. मग ती जिना चढून वर गेली. वरच्या मजल्यावर पावलं वाजली, खिडकी वर सरकल्याचा आवाज आला, आणि मग तिचा तो आवाज, जो मला रोज माझ्या चुलीपाशी ऐकू येतो, मोकळ्या माळावर गेला.

"हल्डा रासमुसेन! हल्डा रासमुसेन! हल्डा रासमुसेन! हजर हो!"

अंगणातल्या कोंबड्या धावत आल्या. त्यांना वाटलं, दाणे. बाकी कुणी हललं नाही. खाली सगळे छताकडे बघत होते. पावलं परत जिना उतरली आणि ती दारातून आत आली.

"हजर," ती म्हणाली.

जज्ज ट्रॅस्कने चष्मा काढला. "आपण कोण?"

"या कचेरीची बेलिफ, साहेब. नील्स रासमुसेनची नात. त्यांना हुकूम होता, न्यायला माणसं येतील तोवर राहायचं. ते गेले. हुकूम तसाच आहे. मागे घेतल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"आपण इथे राहता?"

"तुमचा हात आहे तिथे मी पीठ मळते."

जज्जाने हात उचलून पाहिला. बाहीला पीठ लागलं होतं. तडा गेला नाही, पण चेहऱ्यात काहीतरी हललं.

"मग आपलं म्हणणं काय आहे? इमारत जावी की राहावी?"

मी पुढे सरकून बसले. मला उत्तर माहीत होतं. म्हणजे, मला तसं वाटत होतं. हल्डाबाई म्हणाली, "हुकूम कचेरीबरोबर राहायचा आहे. कचेरी जिथे जाईल तिथे मी."

कुणीतरी खोकलं. जज्जाने बराच वेळ बाही झटकली आणि मग निकाल सांगितला, बसूनच, फार शब्द न वापरता. जिल्ह्याने आपला माणूस कामावर ठेवला आणि कामावरून काढला नाही, तर तो माणूस कामावर आहे. ज्या गावाला इमारत हवी त्याने ती बेलिफसकट न्यावी आणि बेलिफला तिच्यातच राहू द्यावं. कोण नेतं?

तेव्हा पहिल्यांदाच दोन्ही गावं एकमेकांकडे मदतीसाठी बघत होती.

"पण साहेब," मिसेस लूमिस म्हणाल्या, "तिथे संग्रहालय व्हायचंय. लोक शहरांतून येणार. त्यात चूल? आणि..." त्यांनी दोराकडे बघितलं. "कांदे?"

"लोडीत वृद्धांसाठी छान घर आहे," ओटो म्हणाला. "आम्ही त्यांच्यासाठी शब्द टाकू."

"तुमचा अर्ज वृद्धाश्रमाचा नाही," जज्ज म्हणाला.

वेस्टनने अर्ज मागे घेतला. लोडीने घेतला, थोडा उशिराने, कारण वेस्टननंतर काही करायचं तर लोडीला जड जातं. जज्जाने हातोडा आपटला, हळू. कचेरी आहे तिथे राहील, बेलिफ कामावर राहील. आणि मग सगळे उठले, आणि हल्डाबाईने एकेकाचा कोट एकेकाच्या हातात दिला, एकाचीही चूक न करता. जज्ज जाताना एक पाव रुमालात बांधून घेऊन गेला. मोटारी ओढ्यापासून वळल्या, धूळ उडाली आणि बसली. मग पुन्हा तेवढंच आभाळ.

रॉय गाई बघायला गेला. मी कप विसळायला राहिले. आनंदात होते मी. म्हटलं काय झकास जिरवली दोन्ही गावांची, वेस्टनमध्ये आठवडाभर सांगत फिरायला पुरेल.

"जिंकलात, हल्डाबाई! ती पिसांची टोपी कशी खाली बसली, बघितलंत ना? आता कुणाची हिंमत नाही तुम्हाला इथून हलवायची."

ती पिल्लं उचलून परत साक्षीदाराच्या कठड्यात ठेवत होती.

ज्युरीच्या मागच्या बाकाखाली एक कप गेला होता, तो काढायला मी वाकले. तिथे बॅग होती. चामड्याची, आजोबांची, पट्टे आवळलेली. शेजारी चांगले बूट, पॉलिश केलेले, आणि बुटांत मोज्यांचा एक नवा जोड, अजून दुकानाच्या दोऱ्याने बांधलेला.

मला फार वेळ गप्प राहता येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तरी आधी एल्मची झाडं आठवली, बाकं आठवली, 'दिवसभर?' असं तिने विचारलेलं आठवलं. मग मी कप हातात घेऊन उभी राहिले आणि जे तोंडात आलं ते बोलले. "ही बॅग कशाला भरलीत? मला तर वाटत होतं तुम्हाला इथून जायचंच नाही. बोलला असतात तर..."

हल्डाबाईने शेवटचं पिल्लू ठेवलं आणि हात पोशाखाला पुसले.

"बॅग भरलेलीच असते, व्हर्ना. हुकुमात वेस्टननेच न्यायला यावं असं कुठे लिहिलंय? तुझं घर अर्ध्या मैलावर आहे, आणि रविवारी तुझ्याकडे कोंबडी असते. वास येतो मला, बोलावणं येत नाही."